एकशे बारा नंबरचं रोप

"काकू, इकडे या! एक उभं आहे हो, एक उभं आहे!" मॅडम संशोधन केंद्राच्या जाळीच्या खोलीतून ओरडल्या.

काकू दारातच थबकल्या. टोमॅटोची तीनशे रोपं पानं मुरडून पिवळी पडली होती आणि मधोमध एकशे बारा नंबर हिरवंगार उभं होतं.

बोराएवढ्या कडू फळांचा एक रानटी टोमॅटो असतो. त्याला पानं मुरडण्याचा हा रोग लागत नाही. त्याचा तेवढाच गुण खायच्या टोमॅटोच्या वंशात उतरवायचा म्हणून मॅडम नऊ वर्षं संकर करत होत्या. आजोबांचं नाक नातवंडांत न मागता उतरतं. हा एवढासा गुण मात्र काही केल्या उतरत नव्हता. रोपं वाढली की रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशा त्यांच्यावर सोडायच्या आणि कोण तगतं ते पाहायचं. माशा सोडायचं काम काकूंचं. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्याच कामात कधी कसूर केली नव्हती.

"मॅडम, ते खरं नाही," काकू म्हणाल्या. "त्याच्यावरच्या माशा मी पुसल्या. रोज. आठ दिवस."

"का पण?"

"नात दवाखान्यात होती ना. डास चावला आणि पोर तापानं फणफणली. आणि मी इथं माशा सोडत होते. वाटलं, एकाला तरी वाचवावं. वेड्यासारखंच केलं मी."

मॅडम पालथ्या बादलीवर बसल्या. त्यांनी विचारलं, "नात कशी आहे?"

"बरी आहे. खेळते आता." हे सांगताना काकूंना आनंद झाला आणि त्या आनंदाचीच लाज वाटली.

मॅडमनी रोगट रोपाची फांदी एकशे बारावर कलम केली. आता रोग माशांवाचून थेट रसातून आत जाणार; गुण अंगात असेल तरच रोप तगेल. माशा पुसल्या तरी गुण असूही शकतो, या आशेवर काकू रोज सकाळी आधी तिथं जायच्या. अठराव्या दिवशी शेंड्याचं पान वाटीसारखं वळलं. काकूंनी ते रोप स्वतःच उपटलं.

"दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती," मॅडम म्हणाल्या.

"गप्प बसून काय? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

पुढच्या महिन्यात नवी तीनशे रोपं तयार झाली. आता हे काम आपल्याकडून जाणार, असं काकूंनी धरूनच ठेवलं होतं. मॅडमनी माशांची बरणी त्यांच्याच हातात दिली आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

काकूंनी झाकण उघडलं. माशा पानापानांवर बसल्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि तशाच उभ्या राहिल्या.