रुळलेलं नाव

सिस्टरने 'ऑक्सिजन' हा शब्द उच्चारला की आमचे सासरे तोंडावरचा मास्क काढून सांगायचे, "नावच चुकीचं आहे ते."

आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. फुफ्फुसं थकली, पण जीभ नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, मास्क निघता कामा नये, नाहीतर अतिदक्षता विभागात हलवावं लागेल. म्हणून बायकोने मला पलंगाशेजारी पहाऱ्याला बसवलं होतं.

"हे कोण तुमचे?" सिस्टरने विचारलं.

मास्क निघाला. "हा आमचा धांदरट."

लग्न ठरवायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वाऱ्याने पडदा उडाला आणि टेबलावरचं काचेचं चंचुपात्र घरंगळलं. मी झेलायला झेपावलो. सासरे आत आले तेव्हा काचा जमिनीवर आणि मी काचांवर ओणवा. तिथल्या तिथे माझं नाव पडलं. पडद्याचा गुन्हा पुढे सासूबाईंनी स्वतः त्यांच्या कानावर घातला, पण तोवर शेजारीपाजारीही मला त्याच नावाने ओळखू लागले होते. आता माझी मुलंसुद्धा हसतात. मीही हसतो, पण मला ते दरवेळी लागतं.

सिस्टर गेल्यावर मी मास्क नीट बसवला. "बाबा, चुकीचं म्हणजे काय? मास्क न काढता सांगा."

उत्तर आतून घुमत आलं. "मूळ ग्रीक. आम्ल तयार करणारा. नाव ठेवणाऱ्याला वाटलं, प्रत्येक आम्लात हा असणारच. पुढे मिठापासून केलेलं आम्ल तपासलं, तर त्यात याचा पत्ताच नाही! आपलं प्राणवायू बरं. काम बघून ठेवलेलं."

"मग चूक कळल्यावर बदललं का नाही?"

"रुळलं होतं."

मी विषय सोडून मास्कची पट्टी सारखी केली. आजारी माणसाशी किती ताणायचं? सासरे बराच वेळ छताकडे बघत राहिले. दुपारभर मास्कला हातही लावला नाही त्यांनी.

संध्याकाळी सिस्टर आली, यंत्रावरचा आकडा बघून म्हणाली, "ऑक्सिजन छान आहे की आजोबा!"

मास्क निघाला. मी उठलोच. पण सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हे आमचे जावई. दुपारपासून यांनीच सांभाळलं मला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी 'हे' झालो. माझे डोळे भरून आले, पुढचं दिसेना, आणि कोपर लागून स्टुलावरचा काचेचा पेला खाली पडला. या वेळी पडदा वगैरे काही नव्हतं.

तिघेही काचांकडे बघत राहिलो. मी मान खाली घातली आणि वाट बघू लागलो.

सासरे सिस्टरवर डाफरले, "पेला इतक्या कडेला ठेवतात का?"

आणि मास्क त्यांनी आपल्या हाताने लावून घेतला.