समोरून काढलेले चेहरे

तिसऱ्या फोटोग्राफरनेही ड्रोनपासूनच सुरुवात केली, तेव्हा मालतीबाईंनी त्याचा टॅबलेट हळूच बाजूला सारला.

"विकी, यात नवरीची पाठ आहे, मेंदी आहे, चपलासुद्धा आहेत. चेहरे कुठे आहेत?"

"काकू, हे कँडिड आहे. समोर बघून आता कोण फोटो काढतं? पासपोर्टवाले!"

"मग तसेच काढायचे. एकेक नातेवाईक ह्यांच्या शेजारी उभा, नजर कॅमेऱ्यात. खाली नाव."

विकी हसला. तेवढ्यात खुर्चीतल्या मधुकररावांनी त्याला चौथ्यांदा विचारलं, "चहा घेतलास का रे?" हसू आवरून विकी म्हणाला, "घेतला काका. मस्त होता." चौथ्यांदाही त्याने तेच उत्तर दिलं, म्हणून मालतीबाईंनी त्याला पक्कं केलं.

मधुकरराव सिल्वासाच्या मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. दादऱ्यापासून खानवेलपर्यंत बांधन् बांध पाठ असलेल्या या माणसाच्या हातून आता माणसं निसटू लागली होती. वापीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, चेहरे रोज दाखवा, नावं घ्या. काहींना काही काळ उपयोग होतो. त्यांच्या मुलीच्या, धनश्रीच्या लग्नाला गुहागरहून सगळं कुटुंब येणार होतं. असं एकत्र पुन्हा कधी येणार? लोक आठवण म्हणून अल्बम करतात. मालतीबाईंना तो औषधासारखा हवा होता.

लग्नात त्यांनी अक्षता पडल्याबरोबर मधुकररावांना भिंतीपाशी बसवलं आणि यादी घेऊन स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. विकी घामाघूम झाला, पण त्याने कंटाळा केला नाही.

"अगं मालती, शाळेचं ओळखपत्र काढत्येस की काय आमचं?" आक्काबाई, मधुकररावांच्या थोरल्या बहीण, म्हणाल्या. "आणि माझ्या तोंडावरचे देवीचे व्रण एवढ्या जवळून कशाला?"

"तेच हवेत, वन्सं."

मधुकररावांनी मान वर केली. "आक्का, जेवलीस का?"

मालतीबाईंनी यादीत आक्काबाईंच्या नावापुढे खूण केली. एकोणतीस नातेवाइकांपैकी बावीस मधुकररावांनी त्या दिवशी ओळखले.

अल्बम यायला तीन महिने लागले. मालतीबाईंनी पहिलं पान उघडून नवऱ्यापुढे ठेवलं.

"छान आहेत बाई," मधुकरराव म्हणाले. "कोण या?"

मालतीबाईंनी वाकून पाहिलं. आक्काबाईंच्या गालावर एकही व्रण नव्हता. धाकट्या भावाच्या, जयवंताच्या नाकाजवळचा मस गेला होता. एकोणतीस माणसं एकाच रंगाची, एकाच कातडीची झाली होती. त्यांनी जागच्या जागी फोन लावला.

"काकू, एडिटिंग सुरतला होतं," विकी गडबडला. "ते सगळ्यांचंच करतात. नाही केलं तर बायका अल्बम परत आणतात. तुमचा वेगळा आहे हे सांगायचं राहिलं माझं."

"मूळ फोटो आहेत?"

"आहेत ना. चार दिवस द्या."

ते चार दिवस मालतीबाईंना बरे गेले. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. इथे चेहरे बदलले होते आणि मधे तीन महिनेही गेले होते. दोष कशाचा, ते अजून ठरलं नव्हतं. जोवर ठरत नव्हतं, तोवर तो सुरतच्या एडिटिंगचा होता. त्यांनी विकीला मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं. फार हलकं वाटलं.

पाचव्या दिवशी विकी स्वतः नवे प्रिंट घेऊन आला. काम चोख होतं. व्रण होते, मस होता, जयवंताच्या कपाळावरचा घामसुद्धा होता. विकी दारातच उभा राहिला.

"ह्या आक्का," मालतीबाई म्हणाल्या. "बघा, देवीचे व्रण."

मधुकररावांनी व्रणांवरून बोट फिरवलं. एखाद्या नकाशावरून फिरवावं तसं, सावकाश. मग नकारार्थी मान हलवली. जयवंताचा फोटो पाहून त्यांनी मान हलवली. धनश्रीचा पाहिला तेव्हा म्हणाले, "नवरी दिसते."

मालतीबाई पानं उलटत राहिल्या. प्रत्येक नाव त्यांनी स्पष्ट उच्चारलं, दोनदा. एकोणतिसाव्या फोटोनंतर मधुकररावांनी संकोचून त्यांच्याकडे पाहिलं. एवढा वेळ दिल्याबद्दल परक्या माणसाशी अदबीने बोलावं, तसे ते बोलले.

"तुम्हीही होतात वाटतं या लग्नाला? मुलीकडच्या का?"

दारात विकीने चपला घातल्या आणि आवाज न करता जिना उतरला.

"हो," मालतीबाई म्हणाल्या. "मुलीकडची."

"वा," मधुकरराव म्हणाले. "चहा घेतलात का?"