उत्तरेचा उजेड

एकनाथराव ड्रॉइंगमास्तर हैदराबादला गौलीगुड्यात राहत असत तेव्हा घरात कुणी मेल्याशिवाय लोक त्यांच्याकडे येत नसत. मयताचा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मास्तर, मोठं चित्र पाहिजे. जरा हसरे काढा, जिवंतपणी कधी हसले नाहीत." मास्तर हसरे काढून द्यायचे. घरची मंडळी चित्र बघून रडायची, म्हणजे काम चांगलं झालेलं असायचं.

ही सगळी चित्रं त्यांनी स्वयंपाकघरात काढली, कारण दुसऱ्या खोलीत पाहुणे असत. चुलीकडे पाठ करून मास्तर बसत. खिडकीखाली बसअड्डा. कंडक्टर "नलगोंडा, नलगोंडा" असा टाहो फोडत. त्यात पत्नी पद्मावतीबाई भाकरी थापता थापता मान वळवून म्हणत, "अहो, नाक खाली घ्या. काहीतरी करपल्याचा वास आल्यासारखे दिसतायत."

मास्तर चिडत, नाक खाली घेत, आणि मेलेला माणूस कागदावर श्वास घ्यायला लागे.

"इथे बसून कोण काय काढणार!" हे वाक्य ते रोज म्हणत. म्हणत आणि काढत.

कोठी भागातल्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना एक विलायती मासिक मिळालं होतं. त्यात पॅरिसच्या कुणा चित्रकाराच्या स्टुडिओचा फोटो होता. उत्तरेला उंच खिडकी, कोपऱ्यात लोखंडी शेगडी, कोचावर मांजर आणि मधोमध एक दाढीवाला गृहस्थ काहीही न करता उभा. मास्तरांना तो फार मोठा कलावंत वाटला. "बघ," ते पद्मावतीबाईंना म्हणाले, "याला म्हणतात जागा."

"भाकरी कुठे करतात?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

छप्पन साली सरकारने हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे कापायला घेतलं. कानडी एकीकडे, मराठी दुसरीकडे, तेलुगू जागच्या जागी. कचेऱ्यांत कारकुनांचे आंब्यासारखे वाटे पडू लागले. पद्मावतीबाईंचे थोरले भाऊ हिम्मतराव महसूल खात्यात सुपरिंटेंडेंट होते; ते मुंबई राज्याच्या वाट्याला गेले आणि औरंगाबादेत नेमले गेले. सगळे त्यांचं अभिनंदन करू लागले की तुम्ही आता आपल्या माणसांत चाललात. त्या माणसांत ते यापूर्वी एकदाच, एका लग्नाला गेले होते आणि तिथलं पाणी त्यांना बाधलं होतं. मास्तरांची शाळा खासगी. त्यांना कुणी वाटून घेतलं नाही.

हिम्मतरावांचं नारायणगुड्याला स्वतःचं घर होतं. भाडेकरू ठेवला तर तो निघत नाही, आणि कुलूप लावलं तर कुलूपही राहत नाही, असा त्यांचा अनुभव. म्हणून त्यांनी बहिणीला उन्हाळ्यातच बोलावून घेतलं आणि मेहुण्यांना म्हणाले, "एकनाथराव, वरची मोठी खोली तुमची. काय तुमचा तो स्टुडिओ करायचाय तो करा. फक्त घराकडे लक्ष असू द्या."

राखणदाराला इतक्या सन्मानाने क्वचितच नेमलं जातं. आनंदाच्या भरात मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

पद्मावतीबाईंना मात्र खोलीपेक्षा वेगळंच काही हवं होतं. त्यांचे वडील लक्ष्मणराव वकील वारले तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. वडिलांचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. फोटो एकच, वकीलमंडळींचा, आणि त्यात लक्ष्मणरावांच्या पुढे एक पगडीवाले उभे. पगडी फार स्पष्ट आली होती. हिम्मतराव तेव्हा बारा वर्षांचे. पण वडिलांसमोर मान वर करायची पद्धत नसल्याने त्यांना वडिलांचे जोडे तेवढे उत्तम आठवत. चेहरा एकाच माणसाला ठाऊक होता, तो म्हणजे आई, सुशीलाबाई. आणि सुशीलाबाई दिवाळी झाली की मुलाबरोबर औरंगाबादला जाणार होत्या. शिवाय अलीकडे त्या हिम्मतरावांना दिराच्या नावाने हाक मारत आणि वकिलांच्या गालावरचा तीळ सकाळी डावीकडे तर संध्याकाळी उजवीकडे सांगत.

"आई सांगेल, तुम्ही काढा," पद्मावतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्यासाठी एवढं एकच चित्र."

"काढतो ना," मास्तर म्हणाले. "आधी जागा होऊ दे."

जागेसाठी दस्तगीरमिस्त्री आले. मिस्त्रींना साहेबांचं म्हणणं लगेच पटत असे.

"मिस्त्री, उत्तरेची भिंत फोडायची. उजेड उत्तरेचा पाहिजे."

"हौ साब. उत्तर का उजाला अलगच रहता."

भिंत फुटली. पलीकडे मल्लय्याच्या म्हशी होत्या आणि त्यांच्यावर एक जुनी चिंच. उत्तरेचा उजेड चिंचेतून गाळून येई आणि त्यात कुणीही बसलं की शेवाळ धरल्यासारखं दिसे. मास्तरांनी मल्लय्याला चिंच तोडायला सांगितली. मल्लय्याने मास्तरांना म्हैस विकत घ्यायला सांगितली. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही.

"मग छतातून उजेड घेऊ," मास्तर म्हणाले.

"हौ साब. अल्लामियां का उजाला तो ऊपरसेच आता."

छताला काचेचा झरोका झाला. बारा वाजता त्यातून ऊन असं पडे की खोलीच्या मधोमध पापड भाजावा. मग झरोक्याला पडदा, पडद्याला दोरी, दोरीला कप्पी. मग मासिकात होती म्हणून लोखंडी शेगडी. हैदराबादच्या मे महिन्यात ती शेगडी बघायला गल्लीतले लोक येऊन गेले.

हिम्मतराव वर चढून आले आणि बराच वेळ नुसते आकाशाकडे बघत राहिले, कारण आता ते घरातून दिसत होतं. "एकनाथराव, घर सांभाळायला दिलंय. फोडायला नाही."

"दादा, तू नको बोलूस," पद्मावतीबाई म्हणाल्या. चित्र व्हायचं होतं.

गणपती झाल्यावर सुशीलाबाईंना वर नेलं. सांगणारा माणूस उंचावर पाहिजे असं मास्तरांच्या वाचनात आलं होतं, म्हणून फळ्यांचा मंच आणि त्यावर खुर्ची. म्हातारीचे गुडघे गेलेले. चढवायला दोघं, उतरवायला दोघं.

"हं. हलू नका. इकडेतिकडे बघू नका. आता नाक सांगा."

सुशीलाबाई विचारात पडल्या. "नाक काय सांगू जावईबापू? नाकासारखं नाक होतं."

"लांब? बसकं?"

"आता मी काय हात लावून बघत होते का?"

"बरं, डोळे."

"डोळे दोन तऱ्हेचे. जिंकून आले की एक, हरून आले की दुसरे." मग खुर्चीत चुळबुळत त्या म्हणाल्या, "या खुर्चीला ढेकूण आहेत."

मास्तरांनी पेन्सिल ठेवली. दोष उजेडाचा होता. पडद्याचा रंग बदलायला हवा होता. पडदा बदलेपर्यंत नवरात्र आलं. त्यानंतर मंच हलतो असं ध्यानात आलं. मग शेगडी पेटवून बघितली. खोलीत धूर झाला आणि भिंती पुन्हा रंगवाव्या लागल्या. कोऱ्या कॅनव्हासला मात्र त्यांनी काही होऊ दिलं नाही. त्यावर रोज धुतलेलं पांढरं फडकं घालत.

"अहो, नुसतं काढा हो," पद्मावतीबाई म्हणायच्या. "खाली या. स्वयंपाकघरात बसा, आई भाजी निवडता निवडता सांगेल."

"तुझ्या वडिलांना स्वयंपाकघरात काढू? वकील होते ते!"

दिवाळी झाली. त्याच दिवसांत राज्यही बदललं; रात्री झोपलेली आपली मंडळी सकाळी परप्रांतात उठली आणि नेहमीच्याच नळावर पाणी भरायला गेली. हिम्मतरावांची बांधाबांध पुरी झाली. चित्र झालं नव्हतं. पद्मावतीबाईंनी बोलणं बंद केलं. नवऱ्याला वाटलं, घरात आता कामाला पोषक शांतता आली आहे.

काचीगुडा स्टेशनवर सकाळी सगळे जमले. हिम्मतरावांनी मेहुण्यांना काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन यायला सांगितलं होतं. सामानाच्या खोक्यांवर नाव आणि गाव घालायचं होतं. घरात एक चित्रकार असल्याचा हिम्मतरावांना झालेला हा पहिला उपयोग. गाडी लेट होती. किती, ते स्टेशनमास्तरांनाही जाणून घ्यायचं नव्हतं. सगळीकडे वाटणी झालेले कारकून, त्यांच्या बायका, कोंबड्यांचे खुराडे, तुळशीचे डबे. निम्मे रडत होते, निम्मे जागा धरत होते.

मास्तर उकिडवे बसून खोक्यांवर अक्षरं काढत होते. सुशीलाबाई ट्रंकेवर टेकलेल्या. शेवटच्या खोक्याच्या झाकणावर 'सांभाळून उचला' लिहून झालं. तेवढ्यात हमालाने ते खोकं जरा आपटलं, आतली पितळी भांडी वाजली आणि हिम्मतरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"अगंबाई!" सुशीलाबाई म्हणाल्या. "अस्सा ओठ आवळायचे. अगदी अस्सा!"

"कोण?" हिम्मतरावांनी विचारलं.

"कोण म्हणजे? ते! याच फलाटावर बसलोय आम्ही. गाडी दुपारची असली तर सकाळपासून. आणि खालचा ओठ असा, या पद्मीसारखा, जाडसर. वरचा आवळलेला."

मास्तरांचा ब्रश हातात होता, ओला होता, आणि पुढ्यात झाकणाची बरीच जागा उरली होती. त्यांनी ओठ काढला. का काढला ते त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही.

"एवढा नाही हो, भांडखोर दिसतात. ते भांडत नसत. अपमान करत."

मास्तरांनी धोतराच्या सोग्याने पुसलं, पुन्हा काढलं.

"कपाळ?" हे पद्मावतीबाईंनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्या बोलल्या.

"कपाळ त्या तिकीटबाबूसारखं. बघ, तो. पण ह्याचं रिकामं आहे."

भोवती माणसं जमली. ज्यांनी लक्ष्मणराव वकिलांना जन्मात पाहिलं नव्हतं ते सगळे सुधारणा सुचवू लागले. "साब, नाक जरा लंबी करो नां," हमाल म्हणाला. कोंबड्यांच्या खुराड्यावर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "मिशी नाही? वकील म्हणजे मिशी पाहिजे." सुशीलाबाई सगळ्यांवर खेकसत होत्या. "मिशी होती, पण एका बाजूला झुकलेली. विचार करताना तीच ओढायचे. डावी. नाही, माझ्या समोर बसले की माझ्या ह्या हाताला... मग उजवी! आणि तीळही तिकडेच!" इंजिनाने शिट्टी दिली, धूर आला, खोकत खोकत मास्तर काढत राहिले.

"नाक खाली घ्या," पद्मावतीबाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी घेतलं.

 सुशीलाबाई ट्रंकेवरून उठून उभ्या राहिल्या. कुणाचा हात धरला नाही. नवरा कोर्टातून घरात आला की बसून राहायचं नाही, अशी त्या घरातली रीत होती, आणि मोडायला त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. चित्र कसं झालं हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. पद्मावतीबाई झाकणाकडे बघत होत्या. तीस-एक वर्षं उशिरा आलेला तो माणूस आल्या आल्या त्यांचा अपमान करणार असं वाटत होतं. त्या हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला.

"गाडी लागली!" हिम्मतराव ओरडले. "खोकं चढवा!"

"दादा, झाकण काढ."

"वेडी का काय? आत आईची पितळी भांडी आहेत!"

"भांड्यांवर सतरंजी बांध. झाकण इथे राहील." मग त्या आईकडे वळल्या, कारण हक्क तिचा होता. "आई, तुला हवंय का?"

"मला कशाला गं?" सुशीलाबाई म्हणाल्या. "मला पाठ आहेत."

हमालाने खिळे उचकटले. भांडी सतरंजीत बांधून औरंगाबादला गेली. वाटेत दोन वाट्या कमी झाल्या, ते हिम्मतराव अजून काढतात.

परतताना रिक्षात झाकण पद्मावतीबाईंच्या मांडीवर होतं. मास्तर त्याकडे तिरक्या नजरेने बघत म्हणाले, "हे कच्चं आहे. फळी काय, डांबरासारखा रंग काय. आता वर नेऊन नीट उजेडात, कॅनव्हासवर..."

"हे वर जायचं नाही," पद्मावतीबाई म्हणाल्या.

ते स्वयंपाकघरात लागलं. खाली 'सांभाळून उचला' ही अक्षरं तशीच आहेत; वकिलांचा स्वभाव ऐकता ती विसंगत वाटत नाहीत.

मास्तरांनी या प्रसंगाचा खोल विचार केला. पॅरिसवाल्याची चूक त्यांना सापडली. शांतता! कलेला शांतता मारते. आदर्श चित्रशाळेत फलाट पाहिजे. दस्तगीरमिस्त्री म्हणाले, "हौ साब, फलाट बिना क्या मजा." मग वर लोखंडी बाक आला, मागे चालणारं एक मोठं घड्याळ आलं, आणि रोज सकाळी तासभर खिडकीखाली ओरडायला मल्लय्याला सांगण्यात आलं. मल्लय्याने विचारलं, काय म्हणून ओरडू? मास्तर म्हणाले, "काहीही. नलगोंडा म्हण." बाकावर दुपारी मिस्त्री झोपतात. पद्मावतीबाईंनी एकदा तिथे पापड वाळत घालून पाहिले, पण उत्तरेचा उजेड पापडाच्याही कामाचा निघाला नाही.

परवा नारायणगुड्यातलेच कुणीतरी सासऱ्यांचा फोटो घेऊन आले. मास्तर फोटो घेऊन वर गेले आणि थोड्या वेळाने खाली आले. "वर फार गलका आहे," म्हणाले, आणि चुलीशेजारी पाट ओढून बसले. कागद लावला.

"इथे बसून कोण काय काढणार!" ते म्हणाले, आणि काढू लागले.

पद्मावतीबाईंनी भाकरी उलटली, आधी भिंतीकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"नाक खाली घ्या," त्या म्हणाल्या. "आणि जरा उजेडातून सरका. बाबांच्या तोंडावर सावली पडतेय."