टेबलाखालचा हात

भाचरं त्याला दुरुस्तीमामा म्हणत, आणि हे कौतुक आहे असं मानणारा घरात तो एकटाच होता. त्याच्या हाताखालून मिक्सर गेला, इस्त्री गेली, दाराची बेल गेली. दोष मात्र दर वेळी दुसऱ्याच्या खात्यावर पडला. कधी कंपनीच्या, कधी व्होल्टेजच्या, कधी "मी सांगितलं होतं तसं वापरलंच नाही तुम्ही" म्हणून घरच्यांच्या. स्वतःच्या नावावर आजवर एकही चूक त्याने चढू दिली नव्हती.

म्हणून मामीने कॉम्प्युटरवरची चित्रं भरभर चालावीत म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं आणि मेकॅनिकचं नाव काढलं, तेव्हा त्याचा चेहरा असा पडला की तिने विषय तिथेच सोडला. नोकरी सोडून ती घरून इंटिरिअरची कामं करणार होती आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं, दातांच्या डॉक्टरबाई. त्यांचा नवा दवाखाना तिने कॉम्प्युटरवर उभा केला होता, आत शिरून कोपरान् कोपरा बघता येईल असा. जुन्या कार्डावर ते चित्र धापा टाकत चाले. ते कार्ड भाच्याला देऊनही झालं होतं. आधीच्या दोघा डिझायनरांना डॉक्टरबाईंनी बोलता बोलता उठवलं होतं. आज त्या बघायला येणार होत्या. आवडलं तर काम, नाहीतर मामीला जुन्या साहेबासमोर जाऊन पुन्हा खुर्ची मागायची पाळी.

कार्ड मामाने बसवलं. दोन स्क्रू उरले. "कंपनी जास्तीचे देते," म्हणत त्याने ते खिशात टाकले.

सकाळपासून स्क्रीन मधेच काळी पडायला लागली. मामाने कार्डाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, केबल बदलली, पंख्यात फुंकर मारली.

"मॉनिटर म्हातारा झालाय तुझा."

"कालपर्यंत तरुण होता. तुमचा हात लागला आणि एका रात्रीत केस पिकले."

शेवटी कॉम्प्युटरचं झाकण काढून तो टेबलाखाली आडवा झाला. कार्ड होतं चांगलंच वजनदार. बोटांनी त्याची कड जरा वर उचलली की चित्र येई, सोडली की जाई. पाठोपाठ मशीनच बंद पडे.

"अहो, ते दोन स्क्रू कुठले होते?"

टेबलाखाली खिशातले स्क्रू खुळखुळले. मग, "मागच्या पट्टीचे असतील."

"असतील?"

म्हणजे ते सगळं धूड मागून मोकळं होतं आणि एका खाचेवर लोंबत होतं. पण आता मशीन बंद करायची सोय नव्हती. एवढी मोठी फाइल उघडायलाच अर्धा तास लागे. मामाने हाताचा टेकू दिला होता तेवढ्यात ती उघडत शेवटाला आली होती. स्क्रूची भोकं पडली भिंतीकडच्या बाजूला, तिथे एका हाताने पोचणं शक्य नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघत असतानाच बेल वाजली.

"हलू नका," मामी म्हणाली. "श्वाससुद्धा हळू घ्या."

डॉक्टरबाई आल्या त्या घड्याळ बघतच. "पेशंट थांबलेत, भरभर दाखवा. मिस्टर नाहीत घरी?"

"बाहेर गेलेत."

झालं. आता मामाला खोकायचीही चोरी.

स्क्रीनवर दार उघडलं. दोघी दवाखान्यात शिरल्या. डॉक्टरबाई गप्प. गप्प गिऱ्हाईक नाही म्हणणाऱ्यापेक्षा वाईट. मामीच्या पायाशी मामाचं कोपर थरथरत होतं.

"थांबा. इथे बसलेल्या पेशंटला माझी सुई दिसणार. तिथूनच पळून जाईल तो."

"त्याच्याच जागेवर बसून बघा," मामीने चित्र वळवलं. कपाटाची कड बरोबर मधे आली. सुई दिसत नव्हती.

"हं," डॉक्टरबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या खुर्चीत टेकून बसल्या. "एक विचारते. वायरिंग आमचे हे स्वतः करतो म्हणतात. फार हौस त्यांना. करू देऊ?"

मामीचा माउस थांबला. गोड बोलून वेळ मारून नेता आली असती, पण दवाखान्याच्या वायरिंगवर गोड बोलून कसं चालेल?

"नको," ती म्हणाली. "बाहेरच्याचं चुकलं तर सरळ सांगता येतं. घरच्याचं चुकलं की काम राहतं बाजूला, आधी रुसवा काढत बसावं लागतं."

"अनुभव दिसतोय."

"रोजचा."

चित्र हाललं. स्क्रीनवर आडवी हिरवी रेघ उमटली. मामीने माउस घट्ट धरला. खाली बघायची सोय नव्हती. मामाने आत्ता हात काढला असता तरी त्याला कोण बोलणार होतं? कार्डच खराब निघालं म्हणाला असता, आणि तिला ते गिळावं लागलं असतं. रेघ तशीच थरथरत राहिली.

मग रेघ गेली. चित्र स्थिर झालं, मघापेक्षाही स्थिर.

"हे काय होतं?"

"नवं कार्ड आहे," मामी म्हणाली. "बसतंय हळूहळू."

डॉक्टरबाईंनी सगळा दवाखाना पुन्हा एकदा फिरून बघितला. पडद्यांचा रंग बदलून मागितला, मग पहिलाच बरा होता म्हणाल्या. टेबलाखालून एकदा हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं, त्यावर मामी मोठ्याने खोकली.

दारात चप्पल घालताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "सोमवारपासून सुरू करा. फक्त रिसेप्शनच्या टेबलाला पुढून खालपर्यंत फळी हवी."

"लावते. पण का हो?"

"खालच्या माणसाचे पाय दिसतात."

आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता त्या जिना उतरून गेल्या.

मामी आत आली. "गेल्या. काम मिळालं. सोडा आता."

"आधी फाइल सेव्ह कर."

तिने केली.

"आता मेकॅनिकला फोन लाव. म्हणावं, कार्ड बसवताना चुकलंय."

"कुणाचं चुकलं म्हणून सांगू?"

मामाने मोकळ्या हाताने खिशातले दोन स्क्रू काढून तिच्या पायाशी ठेवले.

"माझं सांग. आणि आधी मला बाहेर ओढ बाई, बोटं उघडत नाहीयेत."