लोणी काढणारा ट्रॅक्टर

पोलीस अ‍ॅक्शनला बारा-तेरा वर्षं झाली असतील, तेव्हा हर्सूलच्या सांडूनं एक जुना विलायती ट्रॅक्टर आणला. त्याची पुढची दोन चाकं नाकाखाली थंडीनं आखडल्यासारखी एकमेकांना खेटून होती. कपाशीच्या दोन ओळींमधून तो झकास जाई; पण चाकाखाली लिंबाएवढा दगड आला की अख्खं नाक उडे, स्टिअरिंग गर्रकन फिरे आणि सांडूचे अंगठे सुजत. एकदा तर सांडू असा उडाला, की तो खाली येईस्तोवर ट्रॅक्टर अर्धा एकर नांगरून परत त्याच्याखाली येऊन उभा! हर्सूलात कुणालाही विचारा.

त्याची बायको चतुराबाई मात्र खूश. तिनं सीटमागं दह्याचा डेरा बांधला होता. बांधापर्यंत एक फेरी झाली की लोण्याचा गोळा तयार.

शेवटी सांडूनं शहागंजातून इब्राहीम मिस्तरींना आणलं.

"चाकं दूर घेऊ," मिस्तरी म्हणाले. "मधी लांब आस, अन् आसाच्या मधोमध एक खीळ. एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमिनीवरच. नाक निम्मंच उचलणार. स्टिअरिंगची पेटीबी बदलू, हाताला झटका नाय."

"अन् माझं लोणी?" चतुराबाईनं कमरेवर हात ठेवले.

"अगं, बरगड्या खिळखिळ्या झाल्या माझ्या!"

"लोणी चोळून देते की!"

मिस्तरी हसले. "भाभी, एक बार देखो तो सही. नाय आवडलं तर जुनं नाक परत बसवतो."

झालं, सांडूचा जीव टांगणीला. नव्या आसावर त्यानं फेरी मारली. पाळण्यात बसल्यागत वाटलं. डेऱ्यात दही मात्र जसंच्या तसं.

"काढा ते," चतुराबाई म्हणाली.

"आधी बसून तर बघ!" सांडू काकुळतीला आला.

ती पदर खोचून चढली. सांडू मागं उभा राहून इंजिन सांभाळू लागला. स्टिअरिंग दोन बोटांनी वळलं. चतुराबाईचे डोळे चमकले. दगड आला, गेला. तिला पत्ताच नाही. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "तुम्ही उतरा आता."

"आहिस्ता, भाभी!" मिस्तरी बांधावरून ओरडले. "काय मग, जुनं नाक बसवू?"

"हात तर लावून बघा!"

पेरताना तिफणीमागं चालत तिच्या चाड्यात मुठीनं बी सोडायचं काम घरोघरी बायकांचं. त्या साली हर्सूलात ट्रॅक्टरवर चतुराबाई, अन् मागं तिफणीशी ज्वारीची ओटी बांधून सांडू.

"मूठ सैल सोडू नका," ती वळून ओरडायची, "अन् जरा पाय उचला, अवं!"