रांगेत सगळ्यात पुढे

चष्मेवाल्यांना डोंगरातल्या शहरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, पण बोलणं असं, की जणू डोंगर यांनीच रचून ठेवलेत. सपाटीवरच्या शहरात चष्म्याच्या काचा घासण्यात उभा जन्म गेला. इथल्या एका मोठ्या दुकानात जागा निघाली आणि स्वारी हरखली. बायकोला विचारलं का? विचारलं हो, पण कसं, तर "आपण जातोय बरं का!" असं. याला विचारणं म्हणत असतील, तर मग बोलणंच खुंटलं.

बायको आली. तिची धाकटी बहीण तिथे मागच्याच गल्लीत राहायची, ती सुटली. दुपारच्या गप्पा सुटल्या. इथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि खिडकीभर डोंगर. चष्मेवाल्यांनी मात्र धडाका लावला. तळ्यात होडी वल्हवून आले. भाड्याची सायकल घेऊन उतारावर सुसाट सुटले आणि कोपर सोलून घेतलं. दोराला लटकून कडा चढायला शिकवतात तिथेही नाव घालून आले. "तू पण चल ना," दर वेळी म्हणायचे, आणि तिचं उत्तर येईपर्यंत दोन जिने उतरलेले असायचे.

"डोंगर खिडकीतून दिसतो की," ती मागून म्हणायची. "तिथे जाऊन काय त्याच्या पाठीला तेल चोळायचंय?"

एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मी बहिणीकडे जाते म्हणते. चार दिवस नाही. राहायलाच."

आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. भांडली असती तर चष्मेवाल्यांनी निभावून नेलं असतं. या शांतपणापुढे त्यांची मात्रा चालेना. तिच्याशिवाय या दोन खोल्यांत आपण काय करणार, हे त्यांना एकदम दिसलं.

"एक रविवार माझ्याबरोबर डोंगरावर चल," ते म्हणाले. "मग जा. अडवणार नाही."

हा रविवार म्हणजे त्यांच्या अभिमानाची जागा. बेकरीवाल्या बाई दर रविवारी आठ-दहा जणांना घेऊन डोंगर चढायच्या. चष्मेवाले पहिल्यांदा गेले, तेव्हा अर्धा चढ चढल्यावर बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही पुढे व्हा." तेव्हापासून दर रविवारी काका पुढे. केवढी छाती फुगली! भावाला फोन करून सांगितलं, दुकानात सांगितलं, "मला म्होरक्या केलाय." चढावर स्वतःच्या छातीचा भाता झाला, की हात वर करून थांबायचे आणि म्हणायचे, "दम खाऊ द्या मंडळींना." मंडळीही गुणाची. निमूट थांबायची.

रविवारी बायको आली. पायथ्याशी बाईंनी तिची चाल बघितली आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही पुढे. काका, तुम्ही त्यांच्या मागे."

काकांचा चेहरा पडला. "अहो, तिला वाट कुठे माहीत आहे!"

"वाट मी सांगेन की मागून."

"मग पुढे कशाला?"

रांगेतला पोस्टमन हसू दाबत म्हणाला, "काका, सगळ्यात हळू चालणारा माणूस पुढे, असा नियमच आहे आमचा. त्याला कुणी ओलांडायचं नाही. मग मागे कुणी राहत नाही."

"म्हणजे इतके दिवस मी..."

"तुम्हीच हो!"

सगळे खो खो हसले, बायको सगळ्यात जास्त. चष्मेवाल्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण रांग निघाली आणि त्यांना तिच्या मागे चालावं लागलं.

ती उंच पायरीवर आधी हात टेकायची, मग गुडघा सांभाळत वर यायची. हे कधीपासून? त्यांना माहीत नव्हतं. एका झुडपाशी थांबून तिने बारकी जांभळी फुलं बघितली. "चल, चल" त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. बाजारात, स्टेशनवर, या शहरात येतानासुद्धा ती पिशव्या घेऊन मागे आणि आपण तरातरा पुढे. एकदाही वळून बघितलं नाही आपण. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

वळणावर ती दगडावर बसली. अख्खी रांग थांबली. कुणी कुरकुरलं नाही, कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली.

"बरं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"वाटतंय तर," ती म्हणाली. तोंड लाल झालं होतं, पण डोळे हसत होते. "लग्न झाल्यापासून तुमची पाठ बघत चालतेय मी. आज पहिल्यांदा समोर काय आहे ते दिसलं."

 ते तिच्या शेजारी दगडावर टेकले.

"बहिणीकडे कधी जायचं ते तू ठरव," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं."

तिने पाण्याचा घोट घेतला, खालच्या शहराकडे निवांत बघून घेतलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चार दिवस जाऊन येईन," ती म्हणाली. "पण रविवारच्या आत परत. नाहीतर तुम्हाला पुन्हा पुढे घालतील, आणि या बिचाऱ्यांना तुमची पाठ बघावी लागेल."