पितळी पाहुण्याच्या आत कोण होतं?

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. हातात धरून फिरायची, तीन सेलची, पत्र्याच्या अंगाची. सुरतेत नवागामकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनं टॉकीज आहे. तिथल्या डोअरकीपरच्या मुठीत माझं सगळं आयुष्य गेलं. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. तुम्ही आत्ता हे वाचताय, तेही मला पुरतं खरं वाटत नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझ्या बुडाशी कंपनीचं नाव कोरलेलं होतं, ते उखाच्या तळहाताच्या घामानं पुसलं गेलं. उखा म्हणजे माझा डोअरकीपर. अमळनेरकडच्या एका खेड्यातून तो सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आला. लूमच्या खडखडाटानं त्याला कमी ऐकू येऊ लागलं, तेव्हा त्यानं लूम सोडला आणि टॉकीजच्या दाराशी उभा राहिला. त्याच दिवशी मी त्याच्या हातात आले.

आमचं काम अंधारातलं. तिकीट फाडायचं, खुर्ची दाखवायची, आणि मग सिनेमाभर फिरत राहायचं. स्टॉलचं तिकीट काढून बाल्कनीत कोण चढलंय? पुढच्या खुर्चीवर पाय कोणी टाकलेत? बिडी कोण ओढतंय? जिथं कुजबूज व्हायची तिथं उखा माझं बटण दाबायचा. अंधारात माणूस वेगळा असतो, मित्रांनो. उजेडात अगदी साळसूद दिसणारा गृहस्थ अंधारात शेजाऱ्याच्या चिवड्यात हात घालतो. हे मी स्वतः पाहिलं आहे. मग मी संशयी झाले, तर चूक कोणाची?

कौतुकही झालं माझं. एकदा एका नव्या नवरीचं मंगळसूत्र तुटून खुर्चीच्या फटीत गेलं होतं. मी ते शोधून दिलं. तिच्या सासूनं मला पदरानं पुसलं आणि उखाला पेढा दिला. पेढा मला द्यायला हवा होता, पण असो.

पुढे मॉल आले. मॉलमधली थिएटरं आली. आमच्या टॉकीजच्या खुर्च्यांचा कापूस बाहेर आला आणि लोकांच्या खिशात मोबाइल आले. मोबाइलच्या उजेडात माणसं आपापली खुर्ची शोधू लागली. एक पोरगा तर उखाला म्हणाला, "काका, ही बॅटरी म्युझियममध्ये देऊन टाका." उखा हसला नाही. मीही नाही.

अशा पडत्या काळात आमच्याकडे 'पितळी पाहुणा' परत आला.

परत म्हणजे काय, ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी नवागाममध्येच काशीराम नावाच्या एका लूम कामगारानं हा सिनेमा काढला होता. परक्या ताऱ्यावरचा एक पाहुणा आकाशातून थेट लूमच्या खात्यात पडतो, तिथंच राहतो आणि कापड विणायला शिकतो, अशी त्याची गोष्ट. पाहुण्याचा पोशाख डब्याडुब्यांचा आणि पितळेच्या पातेल्यांचा. तो शिवला एका तांबटानं. शिवला म्हणजे ठोकला. पण माप चुकलं. कोणीही पुरुष त्यात मावेना. शेवटी उखाची मोठी बहीण धुरपदाबाई त्यात मावली. ती अंगानं लहानखुरी होती. बाई आत आहे हे लोकांना कळू नये, म्हणून काशीरामनं पडद्यावर लिहिलं, 'पितळी पाहुणा: स्वतः'.

सिनेमा आमच्याच टॉकीजला लागला आणि पडला. मी रिकाम्या खुर्च्यांवरून फिरले, म्हणून मला माहीत आहे. दोन म्हातारे झोपायला आले होते, तेवढेच. मात्र आत बाई होती, ही गोष्ट गल्लीत लपली नाही. पोरं धुरपदाबाईच्या मागे "डबा! डबा!" करत धावायची. एकानं तर खरोखर डबा फेकून मारला. तिनं नळावर जाणं सोडलं. काशीराम पुढे वारला. त्या सिनेमाचं नाव उखाच्या घरात पुन्हा कोणी काढलं नाही.

म्हणून यंदा टॉकीजचे मॅनेजर भूपेंद्रभाई पोस्टर घेऊन आले, तेव्हा उखाची मूठ माझ्याभोवती एकदम आवळली.

"हे कशाला?" त्यानं विचारलं.

"अरे उखाभाई, मोबाइल पर बहु चाले छे," भूपेंद्रभाई म्हणाले. त्यांची भाषा अशीच, गुजराती-हिंदीची खिचडी. "पोरं वेडी झालीत याच्यापाठी. एक हफ्ता लावू. चाललं तर ठीक, नाहीतर काढू."

मोबाइलवर चालतं म्हणजे काय चालतं? मला पहिला संशय तिथंच आला.

पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला पोरापोरींचा एक घोळका आला. भेस्तानचे, नवागामचे, काही दूर इच्छापोरला कंत्राटी कामाला जाणारे. त्यांची पुढारी मयुरी नावाची एक मुलगी. तिच्या सदऱ्यावर पाहुण्याचं चित्र होतं. खेळ सुरू झाला आणि मी चक्रावले. पडद्यावरचं माणूस बोलायच्या आधीच ही पोरं तेच वाक्य ओरडत होती. मोबाइलवर बघून बघून सगळा सिनेमा त्यांना पाठ झाला होता. पाहुणा लूमकडे बघून "हे यंत्र रडतं का?" म्हणतो, तर सगळा हॉल एका सुरात तेच म्हणाला. आणि हसला. पोट धरधरून हसला.

उखा हसणाऱ्या एकेका तोंडावर माझा उजेड मारत सुटला.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. तिकीटखिडकीवर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागली होती, पण मी आत फिरले तर मधल्या रांगाच्या रांगा मोकळ्या. खुर्च्यांवर नुसते रुमाल टाकलेले. तिकिटं विकली गेली, मग माणसं कुठं गेली? उखाला वाटलं, तिकिटांचा काळाबाजार. मला वाटलं, भूपेंद्रभाईच काहीतरी करताहेत. दोघांनी बोलून दाखवलं नाही. आम्ही नुसता उजेड मारत राहिलो.

मध्यंतरात मयुरी उखाजवळ आली. "काका, तुम्ही इथं जुने आहात ना? पाहुण्याच्या आत कोण होतं, माहितीये?"

"कोनी नव्हतं," उखा म्हणाला.

"असं कसं? कोणीतरी असणारच ने?"

"मी सांगितलं ना, कोनी नव्हतं!"

मुलगी गेली, पण मागं वळून वळून बघत गेली. हिला कशाला हवं आहे ते नाव? शोधून काढायचं, मोबाइलवर टाकायचं, आणि मग सगळ्या सुरतेनं "डबा डबा" करायचं. दुसरं काय असणार? मी उखाच्या मनातलं ओळखत होते, कारण माझ्याही मनात तेच होतं.

उखा मला रोज घरी न्यायचा. त्या संध्याकाळी मी दाराजवळच्या फळीवर होते. धुरपदाबाई भाकरी थापत होती. घरात ते दोघं अहिराणीच बोलतात.

"उखा, मना शिनेमा परत लागेल शे म्हंतस. खरं का?"

"काही नई लागेल, ताई. दुसराच शे."

"नाव तेच शे म्हंतस."

"नाव सारखं ऱ्हास."

तिची भाकरी तव्यावर करपली. तिनं उखाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला की नाही, हे मला कळेना. त्या घरात आता तीन संशयी होते.

शनिवारी गर्दी वाढली. भूपेंद्रभाई खूश होते. हा दिवस चांगला गेला तर सिनेमा आणखी एक आठवडा राहणार होता. उखाला वाटत होतं, आजच उतरावा एकदाचा. तो दाराशी तिकिटं फाडत होता. एवढ्यात पदर डोक्यावर ओढलेली एक म्हातारी आत गेली. उखानं तिकीट फाडलं, पण वर बघितलं नाही. मी मात्र तिच्या चपला पाहिल्या. अंगठा तुटलेला, तो तारेनं बांधलेला. त्या चपला मी रोज आमच्या दाराशी बघते. मी ओरडले असते, पण बॅटरीला ओरडता येत नाही. धुरपदाबाई सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसली.

सिनेमात एक जागा अशी आहे की पाहुणा पहिल्यांदाच चालायला लागतो आणि धाडकन तोंडावर पडतो. ते मुळात ठरलेलं नव्हतं. मुखवट्याच्या भोकांतून धुरपदाबाईला समोरची पायरी दिसली नव्हती. काशीरामकडे दुसऱ्यांदा चित्रण करायची सोय नव्हती, म्हणून ते तसंच राहिलं. ती जागा आली आणि मयुरीचा सगळा घोळका उठून मधल्या वाटेत उभा राहिला. पडद्यावर पाहुणा पडला, त्याबरोबर ही तीसचाळीस पोरं "धाड!" म्हणत जमिनीवर पडली. हॉल हसून हसून कोसळला.

उखाचा तोल सुटला. तो धावत गेला. त्यानं मला मयुरीच्या डोळ्यांवर धरलं आणि तिचा दंड पकडला.

"हसायला येता का रे इथं? चल, भाईर नीघ! माझ्या बहिणीला हसता? तिला दिसत नव्हतं त्या डब्यातून, म्हणून पडली ती!"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. इतकी वर्षं जे नाव त्यानं दातांखाली धरलं होतं, ते त्यानंच भर हॉलात सांडलं होतं.

हसू थांबलं. पडद्यावर पाहुणा धडपडत उठत होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"उखा," मागच्या रांगेतून आवाज आला. "त्या पोरना हात सोड."

उखानं मला त्या दिशेला वळवलं. धुरपदाबाई उभी होती. सगळा हॉल पडद्याकडे पाठ करून तिच्याकडे बघू लागला. माझा उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती.

"ताई, तू कसाले वनी? हाई पोरे तुले हासतस."

"हासतस तर हासू दे." ती सावकाश म्हणाली. "मी खरंच पडनू व्हतू. पन तवय कोनी हासनं नई. हासाले टाकीजमा व्हतंच कोन?"

उखाच्या हातून मयुरीचा दंड सुटला. ती दंड चोळत मागच्या रांगेकडे गेली. आता ही मोबाइल काढणार, मी मनाशी म्हटलं. तिनं मोबाइल काढला नाही.

"काकी, आत तुम्ही होतात?" आणि मग, धीर करून, "आत गरम होत होतं का?"

धुरपदाबाईनं तिच्याकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर मागे सरकवला.

"गरम? माय वं... भट्टी व्हती ती भट्टी. पाठ सोलाई गयी व्हती मनी." आणि ती खुर्चीत मटकन बसली. सिनेमा संपेपर्यंत मयुरी तिच्या शेजारी बसली होती. दोघी काय बोलत होत्या, ते मला ऐकू आलं नाही.

रिकाम्या खुर्च्यांचा उलगडा त्यानंतर झाला. मयुरीनं तो उखाला पायऱ्यांवर सांगितला. "काका, आमच्यातले किती जण पाळीवर असतात. इच्छापोरला रजा देत नाहीत. पण तिकीट खपलं नाही तर सिनेमा काढून टाकतात ना? म्हणून ते तिकीट काढून ठेवतात आणि सांगतात, माझ्या खुर्चीवर रुमाल टाक." काळाबाजार नव्हता, भूपेंद्रभाईंचं कारस्थानही नव्हतं. रविवारी ते रुमालवाले स्वतः आले. हाताला मशिनच्या तेलाचा वास, आणि येताच आपली खुर्ची कोणती म्हणून भांडणं. मला शोधाशोध करताना दम लागला.

सगळंच गोड झालं असं समजू नका. एका पोरानं बाल्कनीतून "डबा!" अशी आरोळी ठोकलीच. दुसऱ्यानं चोरून धुरपदाबाईचं चित्रण केलं. मी त्याच्या हातावर उजेड धरला आणि मयुरीनं ते पुसायला लावलं. भूपेंद्रभाईंना धुरपदाबाईला हार घालून पडद्यासमोर उभं करायचं होतं. ती म्हणाली, "माले खुर्चीच बरी." त्या आठवड्यात ती रोज दुपारी येऊन बसली. पाहुणा पडला की सगळ्यात मोठ्यानं तीच हसायची.

सिनेमा आणखी एक आठवडा राहिला आणि मग उतरला. धुळ्याच्या पोरांनी त्याला बोलावून घेतलं, असं ऐकते. आमच्या टॉकीजचं पुढं काय होणार, ते मला माहीत नाही. भूपेंद्रभाई "चालू राहणार" म्हणतात. माझा विश्वास नाही.

मित्रांनो, आता माझं वय झालं. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर जुने सेल आत तसेच ठेवू नका. ते पाझरतात आणि आतून खातात. आणि एक सांगते. संशय येणारच, तो काही कोणाला विचारून येत नाही. पण मी आणि उखा त्या पोरांवर दिवसचे दिवस उजेड मारत फिरलो, आणि त्यांना एक प्रश्न विचारला नाही. इतकी वर्षं उखा बहिणीची लाज राखत होता, पण तिला तरी त्यानं कुठं विचारलं होतं, तुला त्या डब्यात कसं वाटत होतं म्हणून?

माझं काय, मला नुसता डोळा आहे. तुम्हाला तर तोंड दिलेलं आहे. विचारत जा.